मुक्या जिवाची शुश्रूषा

घरात कुणी आजारी पडले म्हणजे आपण प्रथम विचारतो, "काय होते आहे?" लहान मूल दुखऱ्या जागेवर बोट ठेवते, वृद्ध माणूस कण्हत का होईना, पण सांगते. परंतु ज्याला हा प्रश्न विचारून उपयोग नाही, असाही एक जीव पुष्कळ कुटुंबांत वावरत असतो. तो म्हणजे घरचे कुत्रे. त्यातून त्याचा आजार मेंदूचा असेल, तर काळजीबरोबर भीतीही घरात शिरते. ओळखीचे डोळे अनोळखी होतात, अंग झटके देऊ लागते, आणि कालपर्यंत मुलांच्या अंथरुणात शिरणारे पिल्लू आज घातक वाटू लागते. भीतीच्या भरात घेतलेले निर्णय कधी निर्दयपणाचे, तर कधी माणसांनाच धोक्याचे ठरतात. म्हणून आज या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

झाशी शहराच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या काठी नेवाळकरांच्या कुलदेवतेचे, महालक्ष्मीचे, मंदिर आहे. आणि जवळच १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. नेवाळकरांचे राज्य गेले, तरी त्या काळी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही आजही झाशीत नांदत आहेत. माझी मावशी अशाच एका घरी दिलेली आहे. तिच्या नऊ वर्षांच्या नातवाने तलावाकाठून तीनचार महिन्यांचे एक पिल्लू उचलून आणले आणि त्याचे नाव मणी ठेवले. पंधरा दिवसांत मणीचे नाक वाहू लागले, डोळ्यांत चिपडे आली, जुलाब झाले. पुढे ते सारे ओसरले आणि घर निर्धास्त झाले. परंतु तीन आठवड्यांनंतर एका सकाळी ती अंगणात कोसळली. पाय ताठरले, तोंडाला फेस आला आणि काही चघळत असल्याप्रमाणे जबडा हलू लागला. शेजारची माणसे धावली. "कुतिया पागल हो गई है, ताल के उस पार छोड़ आइए," असा सल्ला मिळाला. एकाने तर काठीही उचलली. मावशीने मुलाला घरात पाठविले, मणीवर पोते टाकले आणि माणूस धाडून पशुवैद्यांना बोलाविले.

मावशीने मुलाला दूर केले, हे योग्यच झाले. वाचकहो, येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. झटके देणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. पण ते पिसाळलेले नाही, हे नुसत्या नजरेने कुणालाही सांगता येत नाही. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे माणसात एकदा प्रकट झाली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच असते. म्हणून लस न टोचलेल्या कुत्र्याला असे झटके आले, तर त्याच्या तोंडाला व लाळेला हात लावू नये. त्याने कुणाला चावले वा ओरखडले असेल, किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट असले काही जखमेत भरू नये. कुत्रे आजारी असेल, तर "दहा दिवस वाट पाहू" असे म्हणत लस लांबविणे अत्यंत धोक्याचे आहे. मणीची लाळ मुलाच्या हातावरील ओरखड्याला लागली होती. त्याची लस त्याच दिवशी सुरू झाली. मणीला स्वतंत्र खोलीत ठेवून तिच्यावर पाळत ठेवण्यात आली. पिसाळलेले कुत्रे लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा दहा दिवसांच्या आत मरते. अकराव्या दिवशी मणी ताटलीतील पेज चाटीत होती.

मागाहून आठवलेली सर्दी, जुलाब, तळपायांच्या गाद्यांना आलेला कठीणपणा आणि जबड्याची ती हालचाल, या साऱ्यांवरून पशुवैद्यांनी निदान केले ते डिस्टेंपरचे. हा शब्द ऐकताच आपल्याला भिंतीला द्यावयाचा रंग आठवतो, आणि ते काही वावगे नाही. दोन्ही शब्दांचे मूळ एकाच लॅटिन धातूत आहे. त्याचा अर्थ मिसळणे, किंवा चुकीच्या प्रमाणात मिसळणे. शरीरातील रसांचे प्रमाण बिघडले की रोग होतो, अशी युरोपातील जुन्या वैद्यांची समजूत होती. आपल्याकडील दोषवैषम्याच्या कल्पनेशी ती बरीच जुळते. देवीच्या लशीचा जनक एडवर्ड जेन्नर याने १८०९ साली या रोगाचे वर्णन केले, आणि तो एका विषाणूमुळे होतो हे १९०५ साली फ्रान्समधील आँरी कारे याने दाखविले.

या विषाणूचे गणगोत आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. मुलांना येणारा गोवर आणि गुराढोरांचा कर्दनकाळ ठरलेली बुळकांडी हे त्याच कुळातले. बुळकांडीच्या संशोधनात मोठा वाटा उचलणारी संस्था १८८९ साली पुण्यात स्थापन झाली, पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज ती बरेलीजवळ इज्जतनगर येथे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. लशीच्या बळावर भारत २००६ साली बुळकांडीतून मुक्त झाला आणि २०११ साली सारे जग मुक्त झाले. डिस्टेंपर मात्र अजून आपल्यात आहे. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला नमुन्यांत हाच विषाणू आढळला. जो सिंहाला लोळवितो, त्याच्यापुढे एका पिल्लाचा काय पाड! माणसाला मात्र यापासून रोग होत नाही, ही दिलाशाची गोष्ट आहे.

या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. जंतूंचा दुय्यम संसर्ग आवरण्यासाठी, शरीरातील पाणी टिकविण्यासाठी आणि झटके कमी करण्यासाठी औषधे देतात; बाकी सारी मदार शुश्रूषेवर असते. झटका येईल तेव्हा प्रथम घड्याळ पाहावे. जनावर जिन्याजवळ, चुलीजवळ वा विहिरीजवळ असेल, तर अंगाखालच्या चादरीसह ते बाजूला ओढावे. दिवा मंद करावा, गलबला थांबवावा. तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यांकडे न्यावे. झटक्याने अंग तापते. झाशीच्या उन्हाळ्यात तर हे विशेष जपावे लागते. अशा वेळी थंड जागा, पंखा आणि साध्या पाण्याने ओले केलेले पाय उपयोगी पडतात. झटका ओसरल्यावर काही काळ जनावराला दिसत नाही, माणूस ओळखू येत नाही. त्या भ्रमात ते चावूही शकते, म्हणून मुलांना लगेच जवळ जाऊ देऊ नये.

प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ व कालावधी वहीत लिहून ठेवावा. बोलता न येणाऱ्या रोग्याची हकिगत पशुवैद्यांना त्या वहीतूनच कळते. झटक्यांची गोळी ठरल्या वेळी द्यावी आणि "आता बरे आहे" म्हणून ती एकाएकी कधीही बंद करू नये. तसे केल्यास अधिक भयंकर झटके येतात. जनावराला उठता येत नसेल, तर मऊ बिछान्यावर दर तीनचार तासांनी कूस बदलावी, नाहीतर हाडांच्या जागी जखमा होतात. लघवीने भिजलेले अंग धुऊन कोरडे करावे. खाऊ घालताना डोके उंच धरावे, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. ही कामे एका गृहिणीवर टाकू नयेत. घरातल्या साऱ्यांनी ती वाटून घ्यावीत. मावशीकडे रात्रीची गोळी तिच्या यजमानांकडे होती आणि वही नातवाकडे.

मणी जगली. तिचा मागचा डावा पाय झोपेतही एका तालात उडत असे. ते कधी थांबले नाही. तरीही ती अंगणभर हिंडे, पोळीसाठी हट्ट करी. पुष्कळ जनावरे अशा व्यंगासह सुखाने राहतात, म्हणून केवळ उडणारा पाय पाहून आशा सोडू नये. परंतु दुसऱ्या उन्हाळ्यात झटके वाढले, औषध चालेना. दोन झटक्यांमधील शांत घटकाही नाहीशा झाल्या. अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: हा जीव आपण होऊन खातो का? त्याला दिवसातून काही काळ तरी स्वस्थता लाभते का? आपण त्याचे आयुष्य वाढवीत आहो, की केवळ त्याचे मरण लांबवीत आहो? मावशीला मिळालेली उत्तरे पशुवैद्यांच्या मताहून निराळी नव्हती. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देताच मणी काही क्षणांत शांत झाली. नातवाला "ती गावी गेली" असे सांगावे, असे कुणी सुचविले. मावशीने त्याला खरे तेच सांगितले. मूल दोन दिवस जेवले नाही, पण त्याचा घरावरील विश्वास ढळला नाही.

आजारी जनावर तलावाकाठी किंवा देवळापाशी सोडून येणे, ही मात्र दया नव्हे. उपासमारीत वा तहानेत तळमळेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे; शिवाय त्याचा रोग वस्तीतील दुसऱ्या पिल्लांना लागतो.

या साऱ्या क्लेशांवर खरा उपाय आरंभीचाच आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपरची पहिली लस टोचावी, आणि सोळा आठवड्यांचे होईतो तीनचार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आरंभीच्या लशीचा प्रभाव निष्फळ करू शकते, म्हणून एकाच टोचणीवर विसंबून चालत नाही. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस द्यावी आणि पुढे दोन्ही लशी पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने चालू ठेवाव्यात. मुलांच्या गोवराच्या लशीची तारीख आपण दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो. त्याच पानावर आणखी एक ओळ सहज मावेल. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याची तारीख लक्षात ठेवणे हे आपलेच काम आहे.