आजीचं लुगडं शिंप्याकडे देण्याआधी

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. यंदा एका भगिनीने लिहिलं आहे, "सासूबाईंची रेशमी नऊवारी कपाटात पडून आहे. मुलीच्या लग्नात नेसायची खूप हौस आहे, पण नेसता येत नाही. शिवून घेऊ का?"

आमचं उत्तर सरळ आहे. हौस म्हणून नऊवारी शिवायची तर खुशाल शिवा, पण ही नको!

शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवायचं कारण नाही. नाचाच्या कार्यक्रमात, पाडव्याच्या शोभायात्रेत, लहान मुलींना ती फार सोयीची. पाच मिनिटांत अंगावर चढते आणि सुटायची धास्ती नाही. पण शिवताना पायांचा भाग पायजम्यासारखा बेतावा लागतो, म्हणजे कापडाला कात्री लागते. एकदा कापलं की ते पुन्हा अखंड होत नाही आणि ज्या कमरेच्या मापाने शिवलं, तिलाच ते बसतं. अखंड लुगड्याचं तसं नाही. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड! सडपातळ सुनेला होतं, अंगाने भरलेल्या नणंदेला होतं, पुढे नातीलाही होईल. तेव्हा शिवायला एखादी साधी, नवी साडी घ्या आणि सासूबाईंची नेसायला शिका.

नवी नेसण वाईट, असं आम्ही म्हणत नाही. आपण रोज नेसतो ती गोल साडीसुद्धा एके काळी नवीनच होती. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी 1860 नंतरच्या दशकात मुंबईत आल्या. तिथल्या पारशी स्त्रियांची नेसण पाहून त्यांनी घराबाहेर वावरताना सोयीची अशी नेसण बसवली आणि परकर-पोलक्यासह ती बंगालात रूढ केली. कासोट्याच्या नऊवारीलाही कामाचंच कारण होतं. दोन्ही पाय मोकळे राहतात, म्हणून भातलावणी करता येते, चढ चढता येतो. कोळणींचं लुगडं तर गुडघ्यापर्यंतच, घट्ट नेसलेलं असतं. सोय पाहूनच बायका नेसत आल्या आहेत.

आता नेसण्याची कृती. घराघरांत थोडा फरक असतो. ही नवशिक्यांना जमेल अशी सोपी रीत आहे.

तयारी : परकर नको. आत मांडीपर्यंतची सुती चड्डी किंवा तंग लेगिंग घाला. कमरेला एक सुती नाडी घट्ट बांधा, म्हणजे खोचायला आधार मिळतो.

1. पदराची बाजू उजव्या हातात आणि दुसरं टोक डाव्या हातात येईल, अशी साडी पाठीमागून कमरेभोवती घ्या. डावीकडे गाठीपुरतंच कापड ठेवा. वरचे दोन्ही काठ बेंबीपाशी आणून पक्की गाठ मारा. सगळी साडी या गाठीवर उभी असते, तेव्हा इथे घाई नको.

2. लांब बाजू पुढून डावीकडे, पाठीमागून उजव्या काखेखाली आणि तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर न्या. पदर हवा तेवढा लांब सोडून पिन लावा.

3. मध्ये जे कापड सैल उरलं, त्याच्या सारख्या निऱ्या करा आणि बेंबीपाशी खोचा. निऱ्या पुष्कळ होतात, घाबरू नका.

4. मधल्या निऱ्यांचा खालचा काठ उचला, दोन पायांमधून मागे न्या, चुण्या सारख्या करा आणि पाठीच्या बरोबर मध्यावर कमरेत खोचा. हा झाला कासोटा. काठ सरळ उभा दिसला पाहिजे.

मग खाली पाटावर बसून उठा, दोन पायऱ्या चढा. कासोटा ओढला गेला तर निऱ्यांमधून थोडं कापड सोडा. सुटू लागला तर गाठ सैल आहे, पहिल्यापासून नेसा.

पहिल्याच दिवशी रेशमी लुगडं हातात घेऊ नका. जुन्या सुती नऊवारीवर सात-आठ वेळा सराव करा. आणि एक काम मात्र उद्यावर टाकू नका. घरात, शेजारी, माहेरी कुणी नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहा आणि "मला नेसवा," म्हणा. त्यांचा हात कुठे आवळतो, कुठे सैल सोडतो, हे लिहून सांगता येत नाही. लुगडी कपाटात राहतील, पण ते शिकवणारे हात कायम राहणार नाहीत.

जुन्या रेशमाची काळजी : नेसण्याआधी साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहा. तिथे रेशीम विरलं असेल तर कासोट्याचा ताण सोसणार नाही. अशी साडी अंगावर शालीसारखी घ्या किंवा नुसती जपून ठेवा. पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा, म्हणजे भोक पडत नाही. नेसून झाल्यावर घाम वाळेपर्यंत सावलीत पसरा. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते.

तुमच्या घरची नेसण याहून वेगळी असेल तर जरूर लिहून पाठवा. इतर मैत्रिणींनाही ती उपयोगी पडेल.