रडारवर ४०७, जाहीर ४०५

साप्ताहिक स्तंभ : चाकोरी

११ जून १९८८, शनिवारची संध्याकाळ. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीला सुरुवात होऊन काही तास उलटले होते. पुढे जॅग्वार आणि पोर्शे यांच्यात झुंज लागली होती आणि सगळ्या प्रेक्षकांचं लक्ष तिकडेच होतं. ५१ क्रमांकाची एक निमुळती, मागची चाकं झाकलेली, लांब शेपटीची गाडी मात्र बराच वेळ पिटमध्येच उभी होती. दुरुस्ती संपत नव्हती. शर्यत जिंकण्याच्या दृष्टीने ती केव्हाच बाद झाली होती. तरीही तिच्याभोवतीची माणसं घाईने काम उरकत होती, कारण त्यांना हवी होती ती एकच गोष्ट, आणि ती मिळवायला एक सरळ रस्ता पुरेसा होता.

गाडी बाहेर पडली. चालक होता रॉजे दॉर्शी. म्युलसानच्या जवळजवळ सहा किलोमीटर लांब सरळ पट्ट्यावर त्याने टर्बोचा दाब वाढवून पाय दाबून धरला. रडारने आकडा टिपला : ताशी ४०७ किलोमीटर. सेकंदाला ११३ मीटर. क्रिकेटच्या साडेपाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या, तर त्या पार करायला या गाडीला एक सेकंद लागला असता.

ल माँवर इतका वेग त्याआधी कोणी गाठला नव्हता. त्यानंतरही कोणी गाठलेला नाही.

ही गाडी ज्या संघाची होती, त्याचं नाव डब्ल्यूएम. डब्ल्यू म्हणजे जेरार वेल्तेर, एम म्हणजे मिशेल म्यूनिए. दोघेही प्युजो कंपनीत नोकरीला. वेल्तेर १९६० मध्ये, अठराव्या वर्षी, कंपनीच्या डिझाइन विभागात लागला. म्यूनिए सांगाड्याच्या कामातला जाणकार. दिवसभर कंपनीच्या गाड्या आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी स्वतःची गाडी, असा दोघांचा क्रम होता. १९६९ मध्ये त्यांनी प्युजो २०४ वर आधारलेली पहिली शर्यतीची गाडी उभी केली. पुढे पॅरिसच्या पूर्वेला थोरिन्यी-स्यूर-मार्न या गावातल्या वर्कशॉपमध्ये मित्र जमले, सहकारी जमले. पगार प्युजोचा आणि रजा डब्ल्यूएमसाठी.

मराठी माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. बँकेतली नाहीतर पोस्टातली नोकरी सांभाळून रात्री तालमीला जमणारी, नेपथ्याचे खिळे स्वतः ठोकणारी आणि राज्य नाट्य स्पर्धेत प्रयोग करून दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर होणारी मंडळी आपण पाहिलेली आहेत. त्यांना आपण हौशी म्हणतो. हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ ज्यांनी लावला, त्यांनी या मंडळींची तालीम कधी पाहिलेली नसते.

डब्ल्यूएमची मंडळी १९७६ मध्ये पहिल्यांदा ल माँला उतरली. इंजिन होतं प्युजो, रेनॉ आणि व्होल्वो या तिघांनी मिळून तयार केलेलं व्ही-६. हे इंजिन घरगुती मोटारीसाठीचं. प्युजोच्या ६०४ या कुटुंबाच्या गाडीत ते बसवलेलं असे आणि तिथे त्याची ताकद जेमतेम १४० अश्वशक्तीच्या आसपास. शर्यतीसाठी वेगळं इंजिन घडवण्याइतका पैसा नव्हता, म्हणून हाताशी होतं तेच घेतलं, त्याला दोन टर्बो जोडले आणि वर्षानुवर्षं त्यातून जास्तीत जास्त काढत राहिले. १९८८ पर्यंत त्याच वंशातलं सुमारे तीन लिटरचं इंजिन ९०० अश्वशक्तीच्या पुढे गेलं होतं.

१९८० हे त्यांचं सर्वांत चांगलं वर्ष. त्या वर्षीचा निकाल आज वाचताना डोळे विस्फारतात. पहिला आला ज्याँ रोंदो. ल माँ शहरातच जन्मलेला, स्वतःच्या नावाची गाडी स्वतः घडवणारा आणि ज्याँ-पिएर जोसो याच्या साथीने ती स्वतः चालवणारा. स्वतःचं नाव असलेली गाडी चालवून ही शर्यत जिंकलेला तो आजवरचा एकमेव माणूस आहे. दुसरा आला राइनहोल्ड योस्टचा खासगी संघ, ज्याची पोर्शे योस्ट स्वतः जॅकी इक्ससोबत चालवत होता. तिसऱ्या क्रमांकावर पुन्हा रोंदोचीच एक गाडी. आणि चौथी डब्ल्यूएम, चालक गी फ्रेकलँ आणि दॉर्शी. जगातल्या सर्वांत खडतर शर्यतीत पहिले चारही क्रमांक लहान संघांनी घेतले होते.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, या मंडळींवर काळा दिवस आला. टिएरी बुत्सेन चालवत असलेल्या डब्ल्यूएम गाडीला म्युलसानच्या पट्ट्यावर अपघात झाला. बुत्सेन वाचला, पण ट्रॅकच्या कडेला काम करणारा एक मार्शल मृत्युमुखी पडला. या संघाची गोष्ट सांगताना हा प्रसंग वगळता येत नाही. वेगाचं वेड असलेल्या माणसांच्या हिशेबात दुसऱ्या कुणाचा जीवही धरलेला असतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

तरी ते थांबले नाहीत. १९८४ च्या शर्यतीत सुरुवातीला दॉर्शीने डब्ल्यूएम थोडा वेळ सगळ्यांच्या पुढे नेली. आघाडी फार टिकली नाही, पण संघाला आपली ताकद आणि आपली मर्यादा एकाच वेळी कळली. सरळ रस्त्यावर त्यांची गाडी कुणालाही मागे टाकू शकत होती. २४ तास टिकणं मात्र जमत नव्हतं. पोर्शेकडे कारखाना होता, सुट्या भागांचं कोठार होतं, वर्षभर चाचण्या घेणारी माणसं होती. डब्ल्यूएमकडे शनिवार-रविवार होते.

इथे त्यांनी जो निर्णय घेतला, त्यासाठीच या आठवड्याचा स्तंभ त्यांच्या नावे. विसाव्या क्रमांकासाठी दरवर्षी कर्ज काढत राहण्याऐवजी त्यांनी आपलं ध्येयच बदललं. व्हॅन्सां सूलिन्याक या तरुण इंजिनिअरच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट ४००’ ठरला. ल माँच्या शर्यतीत, अधिकृत रडारवर, ताशी ४०० किलोमीटर ओलांडायचे. बाकी काही नाही.

ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. गणित पाहिलं की वाटत नाही. मोठ्या वेगात गाडीचा खरा शत्रू हवा. वेग वाढेल तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला पुरे पडणारी ताकद घनाच्या प्रमाणात लागते. म्हणजे ३८१ वरून ४०७ वर जायचं, तर वेग वाढतो जेमतेम सात टक्के, पण ताकद लागते सुमारे बावीस टक्के जास्त. ती आणायची कुठून? थोडी इंजिनातून, थोडी बॉडीच्या आकारातून. म्हणून गाडी अरुंद केली, मागची चाकं झाकली, शेपूट लांबवलं, हवा आत घेणारी तोंडं शक्य तितकी लहान केली. यात एक पेच होता. आत हवा कमी गेली की विरोध कमी होतो, पण इंजिन तापतं. एक सरळ पट्टा जिंकून देणारी गाडी चोवीस तास टिकत नाही, आणि चोवीस तास टिकणारी गाडी तो पट्टा जिंकत नाही. दोन्हींतलं एक निवडणं भाग होतं. त्यांनी निवड केली आणि ती लपवली नाही.

१९८७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. शर्यतीआधी अजून वाहतुकीसाठी न उघडलेल्या मोटरवेवर गाडीने ४१६ गाठल्याचं बातमीदारांनी पाहिलं होतं. प्रत्यक्ष शर्यतीत अधिकृत नोंद झाली ३८१. त्या वर्षी इंधनाच्या दर्जामुळे पोर्शेसकट अनेकांची इंजिनं बसली होती, डब्ल्यूएमही त्यातून सुटली नाही. वर्षभराची मेहनत, हातात अपुरा आकडा, आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर.

मग आला १९८८ चा तो शनिवार. आकडा मिळाल्यावर लवकरच गाडीने मान टाकली. टर्बो, कूलिंग, वायरिंग, सगळ्यांनी एकामागून एक दगा दिला. नोंद राहिली ५९ फेऱ्यांची, साधारण ८०० किलोमीटरची. विजेत्या जॅग्वारने ३९४ फेऱ्या मारल्या. निकालाच्या तक्त्यात डब्ल्यूएमच्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ असा शेरा आहे.

आणि जाहीर झालेला वेग होता ४०५. त्या वर्षी युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरलेल्या प्युजोच्या नव्या गाडीचं नाव होतं ४०५. जाहिरातीला तो आकडा सोयीचा होता, म्हणून वरचे दोन किलोमीटर सोडून देण्यात आले. ज्यांनी एकेक किलोमीटरसाठी वर्षं घातली, त्यांनी दोन किलोमीटर सहज देऊन टाकले, यावरून त्यांचं कंपनीशी नातं कसं होतं ते कळतं.

आक्षेप घेणारे तेव्हाही होते. ही शर्यत सहनशक्तीची, तिथे एका पट्ट्याचा विक्रम करायला येणं म्हणजे शर्यतीचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून वजनदार होता, आणि तो मान्यही झाला. आंतरराष्ट्रीय नियमाने दोन किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्ट्याला मनाई केली आणि १९९० पासून म्युलसानवर दोन ठिकाणी वळणांचे अडथळे घातले गेले. ते योग्यच झालं. पण पहिल्या आक्षेपात तथ्य नाही. सहनशक्ती शर्यतीच्या चोवीस तासांतच मोजायची असं कुणी ठरवलं? एकोणीस वर्षं नोकरीनंतरचे तास एका वर्कशॉपमध्ये घालवणं ही सहनशक्ती कोणत्या घड्याळात बसवणार?

या वेल्तेरची रेघ महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही फिरलेली आहे. १९८३ मध्ये बाजारात आलेली प्युजो २०५ ही त्याच्या हातची सर्वांत गाजलेली गाडी. तिचे दरवाजे कंपनीने पुढच्या ३०९ या मॉडेललाही जसेच्या तसे लावले. हीच ३०९ नव्वदच्या दशकात प्रीमियर आणि प्युजो यांच्या भागीदारीत कल्याणच्या कारखान्यात तयार होत होती. ठाण्या-डोंबिवलीत ज्यांनी ती गाडी चालवली, त्यांनी ल माँच्या त्या हौशी माणसाने आखलेलाच दरवाजा उघडला होता.

डब्ल्यूएम १९८९ नंतर थांबली. म्यूनिए बाजूला झाला, पण वेल्तेरला चैन पडेना. त्याने ‘वेल्तेर रेसिंग’ या नावाने छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या बांधायला घेतल्या. १९९५ मध्ये दोन लिटरचं, चार सिलिंडरचं प्युजो टर्बो इंजिन लावलेल्या त्याच्या गाड्यांनी ल माँच्या पात्रता फेरीत पहिलं आणि दुसरं स्थान घेतलं. ज्या मॅक्लारेनने पुढे ती शर्यत जिंकली, तिचं इंजिन सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं होतं. त्यानंतर वेल्तेर प्युजोच्या डिझाइन विभागाचा प्रमुखही झाला. शनिवार-रविवार मात्र त्याने कंपनीला दिले नाहीत.

आता प्रश्न असा, की आज असा कुणी थोरिन्यीहून निघाला, तर ल माँला पोचेल का?

आज तिथे ६२ गाड्या उभ्या राहतात आणि शर्यतीची भरभराट आहे. वरच्या गटात फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू अशा बड्या कंपन्या आहेत. खासगी संघ तिथेही आहेत, आणि २०२५ ची शर्यत कारखान्याच्या नसलेल्या पिवळ्या फेरारीने जिंकली. पण ती गाडी बांधली फेरारीनेच. खासगी संघांचं हक्काचं घर समजल्या जाणाऱ्या एलएमपी-२ गटात २०१७ पासून सगळ्यांना एकाच कंपनीचं इंजिन आहे, गाडी बांधायचा परवाना चारच कंपन्यांना, आणि प्रत्यक्षात जवळजवळ सगळे ओरेका कंपनीचीच गाडी घेतात. खर्च आवाक्यात राहावा म्हणून हे केलं गेलं, आणि तो हेतू प्रामाणिक आहे. संघ वाचले हेही खरं. पण गाडी घडवणारी माणसं त्या नियमात उरली नाहीत. आजच्या नियमपुस्तकात लहान संघ गाडी विकत घेऊ शकतो, भाड्याने चालक घेऊ शकतो. रात्री दोन वाजता स्वतःच्या हाताने तिचं शेपूट दोन इंच लांब करू शकत नाही.

आयोजकांनी यावर एक खिडकी ठेवली आहे : गॅरेज ५६. स्पर्धेबाहेर, प्रयोगासाठी राखलेली एक जास्तीची जागा. कल्पना चांगली, पण एका जागेने भागत नाही, आणि नुसत्या जागेने तर नाहीच. साठ गाड्यांत चार-पाच जागा स्वतःची गाडी स्वतः बांधणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, सुरक्षिततेच्या चाचणीत सूट देऊ नये, पण चाचणीच्या खर्चातला वाटा आयोजकांनी उचलावा. बड्या कंपन्या येतात आणि जातात. प्युजो स्वतःही १९९२ आणि १९९३ मध्ये ही शर्यत जिंकून निघून गेली होती. मोठे गेल्यावर ट्रॅक भरायला कोण येतं, याचं उत्तर १९८० च्या निकालात आहे.

वेल्तेरने ही खिडकीसुद्धा ठोठावून पाहिली. २०१७ च्या शर्यतीसाठी गॅरेज ५६ ची जागा त्याच्या संघाला मिळाली होती. गाडी चालणार होती जैविक मिथेनवर, आणि सोबतीला होता प्रोजेक्ट ४०० च्या काळातला तोच सूलिन्याक. पैसा उभा राहिला नाही, आणि गाडी आली नाही. पुढच्या जानेवारीत, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, वेल्तेर गेला.

म्युलसानचा तो पट्टा वर्षातले बाकीचे दिवस साधा सार्वजनिक रस्ता असतो. त्यावरून मालाचे ट्रक जातात, लोक कामावर जातात, आणि वेगमर्यादेची पाटी सगळ्यांना सारखीच लागू असते.