मोहोळ उठले तर सुई कुठे आहे?

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येण्याचे दिवस. कपाशी फुटलेली असते, तूर फुलोऱ्यावर असते, रब्बीची ज्वारी निसवू लागते. माणसे रानात असतात आणि माशाही रानातच असतात. तुरीच्या फुलात मध, ज्वारीच्या कणसावर पराग, कपाशीच्या तर पानामागच्या शिरेवरही गोड थेंब सुटतो. त्याच्यामागे मधमाश्या येतात, गांधीलमाश्या येतात, मुंगळे येतात. वेचणाऱ्या बाईचा हात बोंडाकडे जातो आणि पानाआडच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागतो. यात नवीन काही नाही. आपल्या आज्या-पणज्याही हेच सोसत आल्या.

नवीन नाही म्हणूनच त्यावर कोणी बोलत नाही. आग्या मोहोळ उठून रानात कोणी मेले तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, पोलीस पाटील वर्दी देतो, ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि कागद बांधून ठेवले जातात. गाव म्हणते, त्याचा काळच आला होता. आमचे म्हणणे असे आहे की यातले काही मृत्यू तरी काळ आल्याने होत नाहीत, वेळेवर एक सुई न मिळाल्याने होतात. ती सुई कोणती, ती कोठे असते आणि आपल्यापर्यंत का पोचत नाही, याचा हिशेब या अंकात मांडायचा आहे.

आधी भीतीचा हिशेब. २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीची केवढी घबराट उडाली होती! उसात, गवतात दिसणारी एक काटेरी अळी. तिला सापाचे नाव चिकटले, मोबाईलवरून चित्रे फिरली आणि माणसे रानात जायला धजेनात. त्या अळीच्या काट्यांत विष असते आणि अंगाला लागले की आग होते, हे खरे. चिकटपट्टी लावून काटे ओढून काढावेत, बर्फ लावावा, त्रास वाढला तर दवाखाना गाठावा, एवढाच त्यावर उपाय. म्हणजे जिने सहसा जीव जात नाही तिच्या धाकाने आपण घरात बसलो, आणि जिने जातो त्या माशीला मात्र रोज हाताने झटकतो!

तसे पाहिले तर मधमाशीनेही बहुतेकांना काही होत नाही. तिचा काटा उलट्या दातांचा असतो. तो विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकतो आणि पिशवी मागून विष सोडत राहते. तो नखाने काढा, विळ्याच्या पाठीने काढा. कसा काढला याला महत्त्व नाही, किती लवकर काढला याला आहे. गांधीलमाशीचा काटा अडकत नाही, म्हणून ती एकटी चार जागी डंख मारते. मग कोणी चुना लावतो, कोणी कांदा चोळतो, कोणी लोखंड घासतो. आमची हरकत नाही. मनगटावरच्या डंखाची सूज दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत चढली तरी माणूस दगावत नाही, चार-पाच दिवसांत ती उतरते. जिवाची भीती तेव्हा, जेव्हा डंख हाताला असतो आणि सूज ओठाला येते.

हे नीट समजून घेतले पाहिजे. डंखानंतर काही मिनिटांत, फार तर तासाभरात, सगळ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. ओठ, पापण्या, जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, छाती आवळते, दम लागतो. कोणाला उलट्या होतात, पोटात कळा येतात, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. काही वेळा अंगावर एकही गांध दिसत नाही आणि माणूस सरळ कोसळतो. हा विषाचा जोर नव्हे. एका माशीत मोठ्या माणसाला मारण्याइतके विष नसतेच. विषाला ओळखून शरीर स्वतःच असे उसळते की रक्तदाब कोसळतो आणि श्वासाची वाट बंद होते. डॉक्टर याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या एका प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिल्या वेळी निभावलेले कुत्रे काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मेले. पहिल्या वेळी शरीर शत्रू ओळखायला शिकते, पुढच्या वेळी उसळते. म्हणून ‘मला आजवर शंभरदा चावल्या, काही झाले नाही’ असे सांगणाऱ्याने छाती फुगवू नये. आणि ज्याच्या अंगावर मागच्या वेळी गांधी उठल्या होत्या, त्याने एकट्याने रानात जाऊ नये, गेला तर सोबत्याला तसे सांगून ठेवावे.

यावरचे औषध अ‍ॅड्रेनलिन. तेही १९०१ सालीच वेगळे काढलेले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचे, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. टोचायचे ते जाणकाराने. आपण ही कुपी खिशात घेऊन फिरावे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन-तीन चहाच्या पैशांत येणारी ही कुपी केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि तरीही गावात डंखाचा रोगी आला की त्याला काय मिळते? एव्हिल आणि डेक्सा. ही दोन इंजेक्शने वाईट नाहीत. खाज कमी होते, सूज हळूहळू उतरते. पण बंद होत चाललेला श्वास आणि पडलेला रक्तदाब ती मिनिटांत सावरू शकत नाहीत, आणि येथे हिशेब मिनिटांचाच असतो. ती दिल्यावर रोग्याला ‘आता बरे वाटेल, घरी न्या’ म्हणून सांगणे म्हणजे आग लागल्या घराला रंग देणे.

कोणी म्हणेल, आडगावात असली औषधे कोठून यायची? पण औषध गावात येतेच. आपल्या लेकरांना लस टोचली की परिचारिका अर्धा तास बसवून ठेवते. का? लसीनेही क्वचित हीच उसळी येते आणि ती आली तर लगेच सुई देता यावी म्हणून. त्यासाठी लसीकरणाच्या सामानात अ‍ॅड्रेनलिनचा संच असतो, आणि लसीनंतर असा प्रकार झाला तर डॉक्टरची वाट न पाहता पहिला डोस देण्याची मुभा परिचारिकेला शासनाच्याच सूचनांनी दिलेली आहे. २०२१ साली कोरोनाची लस शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात टोचली गेली, तेथेही हा संच ठेवलेला होता. मग लसीच्या दिवशी जी कुपी गावात येऊ शकते, ती वेचणीच्या दिवशी का नाही? लसीने उसळलेले शरीर आणि माशीने उसळलेले शरीर यांत औषधाला काही फरक कळत नाही. फरक कळतो तो फक्त कागदाला.

डंखाचे मरण हटवता येते याचा दाखला आपल्याच माणसाने दिलेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याच्या घरचे. कोकणात लाल विंचवाने माणसे पटापट जात. महाडला राहून त्यांनी रक्तदाबावरची साधी, स्वस्त प्राझोसिनची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिले, जगातल्या नामांकित वैद्यकीय मासिकांत मांडले आणि आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवले. विंचवाचे मृत्यू पार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे औषध शोधावे लागले. माशीचे औषध तर सव्वाशे वर्षे तयार आहे, ते फक्त फडताळातून खाली काढायचे आहे.

सुई दूर असेल तोवर आपल्या हातात काय आहे? माणूस कोसळला की त्याला आडवा निजवा आणि पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, पण उभे करू नका आणि चालवत नेऊ नका. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये ताठ बसवून नेण्याची आपली पद्धत अशा वेळी घातक आहे. आधीच कोसळलेला रक्तदाब उभ्या अंगात डोक्यापर्यंत पोचत नाही आणि माणूस वाटेतच जातो. १०८ ला फोन करा. २०१४ पासून राज्यात ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गाडी लांब असेल तर गावातली जीप, टेम्पो, जे मिळेल त्यात आडवे घालून न्या. दवाखान्याच्या दारात पहिले वाक्य ‘माशी चावली आणि दम लागतोय’ असे स्पष्ट सांगा. फवारणीच्या दिवसांत तर हे सांगणे फारच गरजेचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. उलटी होऊन पडलेला माणूस पाहिला की आता डॉक्टरच्या मनात आधी विष येते, आणि दोन्हींची औषधे वेगळी आहेत. रोगी रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असेल तर तेही सांगा. तिने अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी होतो. बरे वाटले म्हणून तासाभरात घरी आणू नका. उसळी काही तासांनी परत येऊ शकते.

आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. तेथे एक माशी नसते, फौज असते. वडा-पिंपळावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली लटकलेल्या या पोळ्याला धूर लागला, पोरांनी दगड मारला, घारीने झडप घातली की ते उठते. धुरा पेटवताना आणि सरणाच्या धुराने स्मशानातही असे प्रकार होतात. एका माशीने डंख मारला की त्या जागी वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून तेथे उभे राहून हात झटकू नये, माशी अंगावर चिरडू नये. पदराने, टॉवेलाने डोके आणि तोंड झाका, डोळ्यांपुढे फट ठेवा आणि पळा. दाट तुरीतून, ज्वारीतून पळा, घर किंवा गाडी मिळाली तर आत शिरून दार लावा. विहिरीत उडी कदापि मारू नका, माशा वर घोंगावत थांबतात आणि माणूस बुडतो. पन्नासाच्या वर डंख बसले असतील तर अंगावर गांध नसली तरी दवाखान्यात राहिलेच पाहिजे. येथे विषाचा साठाच काम करतो आणि दोन दिवसांनी मूत्रपिंडे बिघडू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मोठ्या रुग्णालयात न्या. लेकरांना याहून फार कमी डंख पुरतात.

मोहोळ जाळून मोकळे व्हावे असे कोणाला वाटेल. तसे करू नका. तुरीचे, करडईचे, सूर्यफुलाचे दाणे या माशांच्या पायांवर भरतात, त्याचे बिल त्यांनी आपल्याला कधी पाठवलेले नाही. रस्त्यावरचे, शाळेजवळचे मोहोळ असेल तर जाणकार बोलवावा. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माशा न मारता आग्या मोहोळाचा मध काढण्याचे शिक्षण लोकांना दिले आहे. गांधीलमाश्यांचे पोळे दिसले तर वेचणीआधी त्या झाडाला चिंधी बांधावी, म्हणजे बाया ते तास सोडतील.

आता मेलेल्या माणसाच्या घराचे. अपघातात गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना २ लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. २०२३ पासून ती विमा कंपनीकडून काढून थेट सानुग्रह अनुदानाची केली गेली. तिच्या यादीत सर्पदंश, विंचूदंश ही नावे आहेत. मधमाशीचे नाव नाही, ते ‘अन्य अपघात’ या सदरात बसवावे लागते. म्हणून दुःखातही पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका, अहवालात डंखाचा उल्लेख आहे हे पाहून घ्या आणि अर्ज लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या. पण ही योजना सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या भूमिहीन बाईला तीत जागा नाही, आणि पानाआडच्या पोळ्याला पहिला हात तिचाच लागतो.

जिल्हा बैठकीपुढे दोन ठराव ठेवत आहोत. एक, प्रत्येक उपकेंद्रात बारा महिने अ‍ॅड्रेनलिन ठेवावे आणि लसीसाठी परिचारिकेला असलेली मुभा डंखासाठीही लेखी द्यावी. दोन, अपघात योजनेत मधमाशी व गांधीलमाशीचा डंख नाव घेऊन घालावा आणि शेतमजुराला तीत घ्यावे. बैठकीला येण्यापूर्वी प्रत्येक गावच्या दोघांनी, त्यात एक बाई असावी, आपल्या उपकेंद्रात जाऊन कुपी पाहून यावी. असेल तर तिच्यावरची मुदतीची तारीख कागदावर लिहून आणावी, नसेल तर तसे लिहून आणावे.