पदवीचा सत्कार केला, पगाराचं काय?

ऊसतोड मजुराची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली की आपण बीडमध्ये तिचा सत्कार करतो, फोटो स्टेटसला ठेवतो. ती नोकरी शोधते तेव्हा आपण कुठे असतो? सरकारी भरतीची वाट पाहून ती खाजगी दवाखान्यात जाते. तिथे आरक्षण नाही, ओळखही नाही. 'आधी अनुभव आणा' म्हणतात. घेतलंच तर नियुक्तीपत्र देत नाहीत, मूळ कागदपत्रं मात्र ठेवून घेतात.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली: ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. अंमलबजावणी राज्यांवर सोडली, तिथेच घोडं अडलं.

मजूरमंत्री बाबासाहेबांचा आठ तासांचा दिवस आपण भाषणात सांगतो. बारा तासांची नाईट करणाऱ्या पोरीला मात्र 'अनुभव मिळतोय, सहन कर' म्हणतो. मीही म्हटलंय.

मित्रांनो, तिच्यासोबत जा. नियुक्तीपत्र मागा, पगार बँकेत मागा, मूळ प्रमाणपत्राऐवजी साक्षांकित प्रत द्या. एकटीनं मागितलं तर 'उद्यापासून येऊ नको' ऐकावं लागतं. दहा जणी मिळून गेल्या, तर तेच वाक्य बोलताना मालक अडखळेल.