सत्काराचे व्यासपीठ आणि खात्यावरचे नाव

व्यवसायशिक्षणात आणि उद्योगव्यवहारात स्त्रियांना सामावून घेण्याचा प्रश्न कोल्हापूरपुरता सुटलेला आहे, असा एक पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडून घ्यावयाचे प्रतिपक्षाचे मत, येथे बराच प्रतिष्ठित आहे. ही महाराणी ताराबाईंची गादी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला तो येथेच. १९७६ पासून त्यांच्याच नावाची, 'सायबर' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी व्यवसायशिक्षण संस्था येथे चालते आणि अशा संस्थांच्या वर्गांत मुली सहज दिसतात. तेव्हा दार उघडे असताना जी आत येत नाही तिचीच इच्छा कमी, असे हा पक्ष म्हणतो.

वारशाचा हा दाखला ज्यांच्या नावाने दिला जातो, त्यांच्याच कारभाराने तो खोडला जातो. शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमले आणि पुढील शिक्षणासाठी परदेशी पाठविले, म्हणजे शिक्षणाला पदाची आणि अधिकाराची जोड दिली. आजच्या व्यवहारात नेमकी ही जोड तुटलेली आहे. उदाहरणार्थ, कोल्हापुरी चपलेचा तळ कापण्याचे काम बहुधा पुरुषाकडे असते, आणि कातड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालण्याचे, नजरेची व बोटांची परीक्षा पाहणारे काम मुख्यतः घरातल्या स्त्रिया करतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव लावता येईल असे कायदेशीर संरक्षण, मिळाले; प्रदेशाचे नाव सुरक्षित झाले, पण वेणी घालणारीचे नाव दुकानाच्या पाटीवर किंवा कर्जखात्यावर क्वचितच आढळते. २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या सोहळ्यात कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मिरवल्या तेव्हा कोल्हापूर खवळले आणि ते रास्तच होते. मात्र श्रेयाचा तोच निकष घरातल्या कारागिरणीला लावावा, असे फारसे कोणाला सुचले नाही. गोठ्यातही वैरण, शेणघाण आणि धार बाईकडे, पण दूध संस्थेचे सभासदत्व व बिल पुरुषाच्या नावे, ही पुष्कळ घरांतील रीतही याच प्रकारात मोडते.

स्त्रिया मुळातच जोखीम टाळतात, हा दुसरा आक्षेप. धंद्यातील जोखीम कर्जावर उभी असते आणि मोठे कर्ज तारणावर. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, लिहून घेण्याची प्रथा टिकून आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीच्या स्वभावात भित्रेपणा शोधणे म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगण्यासारखे आहे.

तिला हिशेब जमत नाही, या समजुतीला उत्तर सातारा जिल्ह्यातील म्हसवडने केव्हाच दिले आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशातील स्त्रियांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा अर्जदार निरक्षर असल्याच्या कारणावरून तो नाकारला गेला. त्या बायांनी अक्षरे गिरवली, रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी ठेवली, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायशाळा निघाली आणि तिचे वर्ग बसमधूनही भरू लागले. पदवीची अट न घालता, धंदा आधीच करणाऱ्या बाईपर्यंत व्यवसायशिक्षण नेता येते, हे यातून सिद्ध होते.

म्हणून महिला दिनी होणारे यशस्वी स्त्रियांचे सत्कार बंद करावेत, असा अर्थ मात्र काढू नये. यशस्वी स्त्री चारचौघांत दिसणे उपयोगाचेच असते. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमण्याचे बंधन घातले तेही निव्वळ शोभेचे नाही, कारण खुर्ची मिळाल्यावाचून कारभार शिकता येत नाही. परंतु शाल-श्रीफळ हे समावेशाचे प्रमाण मानता येत नाही. कोल्हापूरच्या दूध संस्था, पतसंस्था आणि व्यवसायशिक्षण संस्था यांनी येत्या महिला दिनी, ८ मार्चला, सत्कारमूर्तींच्या नावांबरोबर, वर्षभरात किती स्त्रियांच्या स्वतःच्या नावे सभासदत्व, कर्ज आणि प्रवेश दिला, याचा आकडाही त्याच व्यासपीठावरून वाचून दाखवावा.