गोझेचा घोट आणि जिभेची साक्ष

१/ जर्मन बिअरचा विषय निघाला की १५१६ चा 'शुद्धतेचा कायदा' हमखास सांगितला जातो : पाणी, जव आणि हॉप्स, याखेरीज काही नको. पण लाइप्झिगच्या पारंपरिक 'गोझे' बिअरमध्ये मीठ असते आणि धनेही. मित्रहो, आजचा थ्रेड या बिअरविषयी, आणि चव हा इतिहासाचा पुरावा ठरू शकतो का, याविषयी.

२/ प्रथम त्या कायद्याविषयी. तो बव्हेरियाच्या ड्यूकांनी काढला आणि त्यांच्या प्रदेशापुरताच तो लागू होता. त्यातील बराचसा मजकूर बिअरच्या दरांविषयी आहे. लाइप्झिग सॅक्सनीत येते. संपूर्ण जर्मन साम्राज्यात शुद्धतेचा नियम आला तो १९०६ मध्ये. त्यामुळे '५०० वर्षांची जर्मन शुद्धता' हे वाक्य इतिहासापेक्षा जाहिरातीलाच अधिक शोभते.

३/ गोझेचे नाव हार्त्स पर्वताजवळच्या गोस्लार गावातून वाहणाऱ्या गोझे नदीवरून पडले. अठराव्या शतकात ही बिअर लाइप्झिगमध्ये लोकप्रिय झाली. १८२४ पासून ती ड्योल्निट्स येथील एका जहागिरीत तयार होऊ लागली. पुढे लाइप्झिगमध्ये खास गोझेचे अनेक गुत्ते उभे राहिले.

४/ तिची घडण पाहा. निम्मे किंवा त्याहून अधिक गव्हाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणि उरलेले जवाचे. यीस्टच्या जोडीला लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल हेच. जुन्या लांब मानेच्या बाटलीला बूचही नसे. आंबवण मंदावताना यीस्ट वर चढून मानेतच दट्टा धरी.

५/ चाखताना घाई करू नये. रंग फिका, किंचित गढूळ. नाकाला प्रथम धन्यांचा लिंबासारखा गंध येतो. मग जिभेवर स्वच्छ आंबटपणा आणि त्यामागे गव्हाची मृदुता. कडवटपणा जवळजवळ नाहीच. मीठ सर्वांत शेवटी उमगते. ते जाणवावे, पण पेय खारट लागू नये; गोझेची पारख येथेच होते.

६/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, ड्योल्निट्सची भट्टी बंद पडली. तेथे काम केलेल्या फ्रीडरिख वुर्त्सलर यांना कृती ठाऊक होती. १९४९ मध्ये त्यांनी लाइप्झिगमध्ये पुन्हा गोझे सुरू केली आणि पुढे ती विद्या आपल्या सावत्र मुलाला दिली. १९६६ मध्ये तेही उत्पादन थांबले. परंपरा खंडित झाली.

७/ १९८० च्या दशकात लोथार गोल्डहान यांनी 'ओने बेडेंकेन', म्हणजे 'निःशंक', हा लाइप्झिगमधील जुना गुत्ता पुनरुज्जीवित केला. गोझेची चव नेमकी कशी होती, हे त्यांनी ती प्यायलेल्या माणसांना विचारून निश्चित केले. १९८५ मध्ये पूर्व बर्लिनमधील एका भट्टीत प्रायोगिक गोझे तयार झाली आणि १९८६ मध्ये नियमित उत्पादन सुरू झाले.

८/ यावर आक्षेप येतो : ही तर नक्कल! भट्टी वेगळी, शहर वेगळे, मध्ये वीस वर्षांची पोकळी. आक्षेप निराधार नाही. स्मृती चवीला गोड करून ठेवते, आणि जीभही म्हातारी होते. म्हणून १९८६ ची गोझे म्हणजे १९६६ ची गोझे, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

९/ तरीही माझे मत असे, की ही पुनर्रचना इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसते. मौखिक इतिहासात आपण साक्षीदारांचे शब्द ग्राह्य धरतो, एकाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहतो. मग त्यांच्या जिभेची साक्ष का नाकारावी? कृतीच्या कागदावर मिठाचे वजन मिळेल. ते किती जाणवावे, हे मात्र पिणाराच सांगू शकतो.

१०/ असा साक्षीदार कायम उपलब्ध नसतो. शोध आणखी तीस-चाळीस वर्षे लांबला असता, तर विचारायला फारसे कोणी उरले नसते. आज लाइप्झिगमध्ये गोझे पुन्हा तयार होते, तीही शुद्धतेच्या नियमातून सवलत घेऊन. माझ्या दृष्टीने जर्मन बिअरची परंपरा समजून घ्यायला १५१६ च्या कायद्याइतकाच हा पेलाही महत्त्वाचा आहे. आपल्याला काय वाटते? चवीची आठवण तुम्ही पुरावा म्हणून स्वीकाराल का?