मुलीचा शब्द

तमिळनाडूत, तंजावर शहराजवळ, कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु नावाचे गाव आहे. थोर संगीतकार संत त्यागराज यांची समाधी तेथे आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला देशभरातील गायक-गायिका एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. समाधीवरील मंदिर 1921 ते 1925 या काळात उभे राहिले. ते बांधणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मा यांनी त्यासाठी आपले दागिने विकले. पण या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. म्हणून 1927 मध्ये त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. पुढे 1941 च्या सुमारास सारे गट एक झाले आणि स्त्री-पुरुष एकत्र गाऊ लागले.

नागरत्नम्मांचा जन्म 1878 मध्ये देवदासी समाजात झाला. या समाजात मुलीला समज येण्यापूर्वीच देवाला वाहिले जाई. तिने कसे नटावे, कोणाच्या आश्रयाने राहावे, हे वडीलधारे ठरवीत. तथाकथित कुलीन घरांतील मुलींची अवस्था तरी कोठे निराळी होती? आठव्या-दहाव्या वर्षी लग्न आणि नवरा वारला की अनेक घरांत केशवपन. एकीला सजवीत, दुसरीचे मुंडण करीत. विचारीत मात्र कोणीच नसे. नागरत्नम्मांची आई पुट्टलक्ष्मी हिला आश्रयदात्याने टाकून दिले होते. तरीही तिने मुलीला संस्कृत, संगीत आणि नृत्य शिकविले. मुलगी चौदा वर्षांची असताना आई निवर्तली; परंतु तेवढ्या काळात तिने जी विद्या दिली, तिच्याच बळावर ही मुलगी पुढे विद्वानांपुढे उभी राहिली.

तो प्रसंग एका पुस्तकावरून घडला. अठराव्या शतकात तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य असताना, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची विदुषी होती. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनम्’ हे काव्य रचले. त्यात राधा आपली इच्छा, आपला मत्सर, आपला राग उघडपणे बोलते आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. छापील आवृत्तीतून यातील काही भाग गाळण्यात आला होता. नागरत्नम्मांनी मूळ काव्य मिळवून 1910 मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध केले. थोर समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम् यांनी त्यापूर्वीच या कवयित्रीवर कठोर टीका केली होती: असे शब्द स्त्रीच्या तोंडी शोभत नाहीत. नागरत्नम्मांनी विचारले, की लाज काय ती केवळ स्त्रियांनाच आहे? पुरुषांनी लिहिलेली शृंगारकाव्ये यांना कशी चालतात? 1911 मध्ये सरकारने हे पुस्तक अश्लील ठरविले. बंदी उठली ती 1947 मध्ये.

वीरेशलिंगम् हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. विधवांचे पुनर्विवाह लावण्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. स्त्रीच्या देहावर होणारा अन्याय त्यांना दिसत होता. त्या देहाविषयी स्त्रीने स्वतः बोलावे, हे मात्र त्यांना सोसवले नाही. पुष्कळ प्रेमळ आईवडिलांचे असेच होते. ते मुलीला शिकवितात, नोकरीलाही पाठवितात. परंतु तिने केस कापावेत की वाढवावेत, नाक टोचावे की नाही, याचा निर्णय तिला न विचारताच होतो. सावळ्या मुलीला हळदीचे लेप लावले जातात. नातेवाईक आले की ‘काकांना पापी दे’ म्हणून तिला पुढे ढकलले जाते. ती मागे सरली तर हट्टी ठरते. पुढे ‘मुलगी पाहण्याच्या’ कार्यक्रमात परकी माणसे तिचा रंग आणि उंची न्याहाळतात.

मुलीला एवढी मोकळीक दिली, तर बाहेरच्या वाईट जगात तिचे कसे होईल, अशी शंका घेतली जाते. ती खोटी नाही. पण घरात जिचे ‘नको’ दहा वर्षे कोणी ऐकलेच नाही, तिला बाहेर एकाएकी ‘नको’ म्हणण्याचे धैर्य कोठून येणार? शिवाय तक्रार घेऊन ती येणार कोणाकडे? तिला ढकलणाऱ्या आईकडे? लस टोचणे, दात घासणे यांसारख्या गोष्टी मुलीच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे खरे. तेथेही काय होणार आहे आणि कशासाठी, हे तिला आधी सांगता येते. वेणी, कपडे, बांगड्या यांत तर कोणाचे काहीच बिघडत नाही.

हे आईला सर्वांत जड जाते, कारण तिला स्वतःला कोणी कधी विचारलेले नसते. आणि मुलीने निवडलेला परकर आईला आवडेलच असे नाही. नागरत्नम्मा तरुणपणी दागदागिन्यांनी मढून मैफलीत बसत. तेच दागिने त्यांनी पुढे मंदिरासाठी विकून टाकले. अंगावर घालणे आणि उतरविणे, दोन्ही त्यांच्याच मनाने झाले. 1952 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तिरुवैयारुतच, त्यागराजांच्या समाधीजवळ आहे, आणि तेथे त्यांची मूर्ती त्यागराजांच्या मंदिराकडे तोंड करून बसली आहे.